भिंतीपलीकडची उधारी

आमचं घर आणि सीएसाहेबांचं घर यांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. अलीकडं माझा कढीपत्ता, पलीकडं वहिनींचा शेवगा. कढीपत्ता तिकडं जातो, शेंगा इकडं येतात आणि या देवाणघेवाणीत गावभरच्या उठाठेवी फुकटात भिंत ओलांडतात. मोंढ्यात, म्हणजे आमच्या शेतमालाच्या बाजारात, सकाळी काही घडलं की दुपारच्या चहाला ते गल्लीत येतं आणि दिवेलागणीला आमच्या भिंतीवर. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही म्हणतो ते उगाच नाही. बातमी पोचवण्यात आमचा हात जर्मनीसुद्धा धरणार नाही.

२०२५ च्या कोजागरीची संध्याकाळ. दूध मंद आचेवर ठेवून मी कढीपत्ता तोडायला बाहेर आले, तर वहिनी भिंतीला टेकून उभ्या. चेहरा उतरलेला.

“काय झालं वहिनी? साहेब आले नाहीत का अजून?”

“आले की. चहा पिऊन पुन्हा ऑफिसात गेले. आज बी दोन वाजतेत बघा.”

“पण तारीख वाढली ना? टॅक्स ऑडिटची तीस सप्टेंबर होती, ती एकतीस ऑक्टोबर झाली असं पेपरात होतं.”

“तारीख वाढली, बाई, पण लोकांची कागदं थोडीच वाढतेत! लोक म्हणतेत, अजून महिना आहे, मग आताच काय घाई? अन् ज्यांनी आणून दिली त्यांची ही तऱ्हा बघा वर.”

मी वर पाहिलं. त्यांच्या गच्चीवर चादरी पसरलेल्या आणि चादरींवर बिलं. प्रत्येक गठ्ठ्यावर विटेचा तुकडा. सप्टेंबरात गोदावरी फुगली तेव्हा सोनपेठकडच्या एका अशिलाच्या दुकानात पाणी शिरलं होतं. त्याच्या वह्या, पावत्या, चलनं पोत्यात भरून साहेबांच्या दारात आली.

“मी पापड वाळवायचे त्या जागी यांची बिलं वाळायलेत,” वहिनी म्हणाल्या. “तीन दिवस झाले. वारा सुटला की मी धावते. काल एक पावती तुमच्या अंगणात पडली असंल, बघा जरा.”

पडली होती. मी तिला खताच्या दुकानाची जाहिरात समजून केराच्या डब्यात टाकली होती. ते मी बोलले नाही. डब्यातून काढून, पुसून, दुसऱ्या दिवशी भिंतीवर ठेवली.

“करतील हो साहेब सगळं,” मी म्हणाले.

“करतील. पण फी? ऑडिट केलं, बारा महिन्यांचा जीएसटी भरला, बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, वाढवून पाहिजे म्हणून कर्जाला लागणारा सीएमए डेटा करून दिला. पैसे मागितले की एकच उत्तर. साहेब, कापूस निघू द्या.”

परभणीत राहणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडं लग्नाचा हुंडा, घराचं छप्पर, दवाखान्याचं बिल आणि कीर्तनकाराची बिदागी सगळं कापूस निघू द्या यावर टांगलेलं असतं. जूनमध्ये कृषी सेवा केंद्रवाला शेतकऱ्याला बी-खत उधार देतो. तो मोठ्या डीलरकडून उधार आणतो. डीलरच्या डोक्यावर कंपनी बसलेली असते. बोंडं फुटली, सोयाबीन मळलं, मोंढ्यात पट्टी झाली की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पैसा उलट्या वाटेनं वर सरकतो. म्हणजे सेलूपासून गंगाखेडपर्यंत सगळा बाजार एका झाडाच्या बोंडात कोंबलेला. त्या साली बोंडातच पाणी शिरलं.

वहिनींनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. भिंतीवर आवाज खाली आला की समजावं, मूळ विषय आता सुरू होतोय.

“कोपऱ्यावरच्या बी-बियाणंवाल्या भाऊनं बोर्ड उतरवला, कळलं का?”

“कुणी सांगितलं?”

“दूधवाल्यानं. अन् साहेबांकडं गेल्या आठवड्यात दोनदा येऊन गेला. रात्री साडेदहाला.”

“साहेब काही बोलले का?”

“साहेब?” वहिनी हसल्या. “लग्नाला बावीस वर्षं झाली. अशिलाची एक ओळ घरात बोलले असतील तर शपथ. पण मला चपलांवरून कळतं. पूर्वी भाऊ चारचाकीत यायचा, तवा दारात बूट असायचे. मग मोटारसायकलवर आला, तवा सँडल. गेल्या आठवड्यात पायीच आला, स्लिपर घालून. आता ताळेबंद अजून काय वेगळा असतो?”

मला हे पटलं. बँकेच्या मॅनेजरांनी वहिनींकडं शिकवणी लावायला हरकत नाही.

तेवढ्यात गल्लीतून काठीचा आवाज आला. मुनीमकाका. वय ऐंशी, मोंढ्यातल्या एका आडतीवर चाळीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. अजूनही भाजीवाल्याचा हिशेब तोंडी करतात आणि त्याच्या कॅल्क्युलेटरची चूक काढतात. कोजागरीचं दूध घ्यायला निघाले होते. दोन बायका भिंतीशी दिसल्या की त्यांची काठी आपोआप थांबते.

“भाऊचं चाललंय व्हय?” काका म्हणाले. “तो तोट्यात नव्हता बरं का. त्याच्या वहीत नफा होता.”

“मग बोर्ड कामून उतरवला?”

“नफा वहीत होता, गल्ल्यात नव्हता. आता बघा. शेतकऱ्याला औषधाचा डबा दिला. त्यावर अठरा टक्के जीएसटी. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सरकारचा हिस्सा भरायचा. शेतकरी पैसे देणार दिवाळीला. म्हणजे जो पैसा अजून शेतातबी नाही, त्याच्यावरचा कर यानं ऑगस्टात भरला. कुठून भरला? बँकेच्या सीसीतून. व्याज कुणी भरलं? यानंच. वर पुन्हा इन्कम टॅक्सवाले विचारणार, एवढी विक्री झाली तर नफा दाखव की.”

“अन् भाव?” वहिनी म्हणाल्या.

“भावाचं तर विचारूच नका. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस बारा हजारांच्या वर गेला. पुढच्या साली सगळ्यांनी घरात भरून ठेवला, पुन्हा बारा होईल म्हणून. झाला का? लेकरांच्या अंगाला खाज सुटली, भाव नाही सुटला. शेवटी सात-साडेसातला घातला. यंदा लांब धाग्याचा हमीभाव आठ हजार एकशेदहा, पण ऑगस्टात बाहेरच्या कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क उठवलं. सोयाबीनचा हमीभाव पाच हजार तीनशे अठ्ठावीस, तो कागदावर. भिजलेलं सोयाबीन घेऊन मोंढ्यात उभं राहा, मग व्यापारी काय म्हणतो ते ऐका. अशा साली शेतकरी भाऊचे पैसे कुठून देणार? त्याचं त्यालाच पुरंना.”

घरात दूध उतू जातंय का, हे बघून मी परत आले तोवर वहिनींचा मोबाइल भिंतीवर शेवग्याच्या फांदीला टेकवून उभा केलेला होता. पडद्यावर त्यांचा धाकटा भाऊ. तो इंग्लंडात एका हिशेबाच्या फर्ममध्ये आहे. तिकडं दुपारचे अडीच वाजलेले. हा माझा विद्यार्थी. पाचवीत असताना बेरजेत हातचा हमखास विसरायचा.

“काय रे, हातचा धरतोस का आता?”

“आता सॉफ्टवेअर धरतं, बाई.”

“तिकडं कशी आहे मंदी? का ती आमच्याच नशिबाला?”

तो बोलायला लागला आणि मुनीमकाका काठीवर हनुवटी ठेवून ऐकायला लागले. इंग्लंडचं वारं जरा वेगळं असेल अशी माझी समजूत. पण ऐकावं तो आमचाच मोंढा, फक्त कोट घातलेला. करोनात सरकारनं छोट्या धंद्यांना पन्नास हजार पौंडांपर्यंत कर्ज दिलं. अर्ज स्वतःच भरायचा, उलाढाल स्वतःच लिहायची, हमी शंभर टक्के सरकारची. पंधरा लाखांच्या आसपास कर्जं गेली. काहींनी धंदा वाचवला, काहींनी स्वयंपाकघर नवं केलं, काही कंपन्या तर कर्ज घेण्यापुरत्याच जिवंत होत्या. मग हप्ते सुरू झाले, वीज महागली, व्याज वाढलं. २०२३ साली एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये पंचवीस हजारांहून जास्त कंपन्यांचं दिवाळं निघालं. १९९३ नंतर एका वर्षात एवढ्या कधी बुडाल्या नव्हत्या.

“आपल्याकडं बी दिलं होतं की करोनात,” वहिनी म्हणाल्या. “आधीच्या कर्जाच्या वीस टक्के वाढवून. साहेबांनी रात्र रात्र बसून फायली केल्या.”

“आमच्या धंद्याची गंमत आहे ताई. मंदी आली की निम्म्या अशिलांना आमची फी जड होते आणि उरलेल्या निम्म्यांना आमच्याशिवाय चालत नाही. दिवाळं काढायलाही अकाउंटंट लागतो. १८६६ साली लंडनमध्ये ओव्हरेंड गर्नी नावाची मोठी सावकारी पेढी बुडाली. तिची निरवानिरव करणाऱ्यांपैकी विल्यम टरक्वांड नावाचा हिशेबनीस होता. १८८० मध्ये इंग्लंडच्या चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था निघाली तेव्हा तोच तिचा पहिला अध्यक्ष.”

“म्हणजे तेराव्याचा मानकरी बारशाचा यजमान झाला,” काका म्हणाले.

“आणि खर्च वाचवायला आमच्या फर्मनं खतावणीचं काम पुण्याला दिलंय. इथल्या मासे-बटाट्याच्या दुकानाचा व्हॅट कोण भरतं माहीत आहे का? आपल्या जिंतूरची एक पोरगी. ती मला मेलमध्ये ‘डिअर सर’ लिहिते. मी तिला एकदा ‘काय करायलीस?’ म्हणून विचारलं तर बिचारी घाबरली.”

मी म्हटलं, “मग तिकडं तरी मोठमोठे ऑडिटर असताना कंपन्या बुडतात कशा?”

यावर त्यानं जी गोष्ट सांगितली ती मी नंतर दोन-तीनदा पुन्हा विचारून घेतली, कारण ऐकून विश्वास बसेना. कॅरिलियन नावाची कंपनी. सरकारी दवाखाने बांधायची, शाळेत जेवण पुरवायची, तुरुंगांची देखभाल करायची. १५ जानेवारी २०१८ ला बुडाली. देणी सात अब्ज पौंडांच्या घरात आणि गल्ल्यात उरले होते २९ दशलक्ष, म्हणजे दोन कोटी नव्वद लाख पौंड. के.पी.एम.जी. या नावाजलेल्या फर्मनं एकोणीस वर्षं सलग तिचं ऑडिट केलं. त्या एकोणीस वर्षांची एकूण फी किती? तीही २९ दशलक्ष पौंड.

“घ्या!” वहिनी म्हणाल्या. “फी तरी वेळेवर दिली मेल्यांनी.”

“ऑडिटरची दिली, ताई. बाकीच्यांची नाही. तीस हजार छोटे पुरवठादार आणि ठेकेदार होते. त्यांना पैसे द्यायची मुदत एकशेवीस दिवस. लवकर पाहिजे असतील तर बँकेकडून कमी करून घ्या. आणि मोठ्या कामांचा नफा काम पुरं व्हायच्या आधीच हिशेबात धरायचे. २०१६ च्या हिशेबावर तर सात कोटी नव्वद लाख पौंड लाभांश वाटला. पुढच्या जुलैत कळलं की साडेचौऱ्यांशी कोटी पौंडांचं येणं नुसतं कागदावर होतं. २०२३ मध्ये ऑडिटरला दोन कोटी दहा लाख पौंडांचा दंड झाला.”

मुनीमकाका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आपला बी-बियाणंवाला भाऊच की. अंग तेवढं मोठं.”

फोन बंद झाला. वहिनींनी चार शेंगा काकांच्या पिशवीत टाकल्या, म्हणजे काका अजून अर्धा तास थांबणार हे ठरलं.

“माझे वडील निजामाच्या वेळी मुनीम,” काकांनी सुरुवात केली. “तवा दोन पैसे चालायचे. निजामाचा हाली अन् इंग्रजाचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार. वहीत दोन रकाने. वडील सांगायचे, एका पेढीवरचा पोरगा सात हाली उचलून कलदारच्या रकान्यात लिहायचा. झाला की नाही घरबसल्या एक रुपया नफा? शेटजी खूश. दिवाळीला वहीपूजनाच्या आदल्या दिवशी तिजोरी मोजली, तवा सापडलं. म्हणून आमच्याकडं रिवाज होता. लक्ष्मीपूजनाआधी प्रत्येक खातं उघडायचं. जो पैसा येणारच नाही त्याचं बुडीत खातं वेगळं काढायचं. लक्ष्मीसमोर फुगवलेली वही ठेवायची नाही. शेटजी चिडायचे. पण चिडून का होईना, काढायचे.”

मला राहवलं नाही. बुडीत खात्याचा विषय निघाला की माझ्या पोटात अजून कालवतं.

आमच्या ह्यांच्या निवृत्तीचे पैसे मी एका पतसंस्थेत ठेवले होते. नाव घेत नाही, घेऊन आता काय मिळणार! चकचकीत काचेचं ऑफिस, गणपतीत मोदकांचा डबा घरपोच आणि बँकेपेक्षा चार टक्के व्याज जास्त. बाहेर मोठ्या फलकावर लिहिलेलं: ‘सतत ऑडिट वर्ग अ’. मी छत्तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर ‘अ’ श्रेणी देत आले. प्रामाणिक पोराशिवाय कुणाला ‘अ’ दिला नाही. तेव्हा ‘अ’ म्हटल्यावर मी डोळे मिटून सही केली. एके दिवशी शटर खाली. बाहेर आम्ही सगळे म्हातारे-कोतारे हातात पासबुकं घेऊन, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे.

तेव्हा कुठं मला समजलं की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. बँकसुद्धा सुखरूपच असते असं नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सहा महिन्यांत हजार रुपये काढा असं मुंबईच्या लोकांना सांगितलं होतं. दिलेल्या कर्जातलं बहुतेक एकाच बिल्डरच्या घशात.

“मग तेव्हा आमच्या पतसंस्थेचा ऑडिटर काय करत होता?” मी काकांना विचारलं. विचारलं काकांना, पण उत्तर गेटमधून आलं. साहेब स्कूटर लावत होते.

“त्याला बहुतेक फी मिळाली नसेल, बाई.”

साहेब असं कधी बोलत नाहीत. थकले होते. वहिनींनी भिंतीवरूनच दुधाची वाटी त्यांच्या हातात दिली. माझं दूध, त्यांची वाटी.

“आम्हाला शिकताना एक खटला पाठ करावा लागतो,” साहेब सांगू लागले. “इंग्लंडमधला, १८९६ चा. किंग्स्टन कॉटन मिल. मॅनेजर दर वर्षी कापसाचा आणि सुताचा साठा फुगवून लिहायचा. ऑडिटरनं त्याच्या सहीवर विश्वास ठेवला, साठा मोजला नाही. कोर्टानं ऑडिटरला सोडलं. न्यायाधीशाचं म्हणणं असं की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. संशय यावा असं काही नसेल तर विश्वास ठेवला यात त्याची चूक नाही.”

“कापूस मोजला नाही?” मुनीमकाकांचा आवाज चढला. “अहो, जिनिंगच्या आवारात जाऊन गंजी बघायला काय झालं होतं? मानवतला माझे शेटजी मला गाठी मोजायला लावायचे. एकेका गाठीवर हात ठेवून.”

“आता मोजावं लागतं, काका. काळ बदलला. हैदराबादच्या सत्यमचं आठवतं? ७ जानेवारी २००९. मालकानं स्वतःच पत्र लिहून सांगितलं की बँकेत दाखवलेले पाच हजार चाळीस कोटी नाहीतच. तेव्हापासून बँकेचा दाखला बँकेकडूनच मागवायचा, कंपनीच्या हातून घ्यायचा नाही, यावर कटाक्ष वाढला. २०१९ पासून दाखल्यावरच्या, ऑडिटवरच्या आमच्या प्रत्येक सहीला यूडीआयएन नावाचा नंबर लागतो. आधी लोक यायचे, म्हणायचे, साहेब दोन ताळेबंद करा. बँकेसाठी गुटगुटीत, इन्कम टॅक्ससाठी हडकुळा. आता कुठल्या आकड्यांवर सही केली ते नंबराखाली नोंदवलेलं असतं.”

“मग आता सोपं झालं म्हणा,” मी म्हणाले.

साहेबांनी वाटीतलं केशर बोटानं कडेला लावलं. “कुत्र्याला भाकरी कोण घालतो, बाई? ज्याच्या घराची राखण करायची तोच. ज्या माणसाकडं माझी दोन वर्षांची फी अडकली आहे, त्याला ‘तुमचा साठा खोटा आहे, मी सही करत नाही’ हे सांगायचं. सांगितलं की फी गेली आणि अशीलही गेलं. तो चौकातल्या दुसऱ्याकडं जाणार. आमच्या नियमांतच लिहिलंय, इंग्लंडच्याही, की फार दिवस थकलेली फी म्हणजे ऑडिटरनं अशिलाला दिलेलं कर्जच ठरू शकतं. आणि कर्ज दिलेला माणूस अशिलाचं दिवाळं निघालंय असं सहजासहजी लिहीत नाही. त्याचेच पैसे बुडतात ना!”

कोणीच काही बोललं नाही. चंद्र शेवग्याच्या वर आला होता. गच्चीवर सोनपेठची बिलं चांदण्यात पडलेली.

“कॅरिलियनच्या ऑडिटरला तर फी वेळेवर मिळत होती,” मी म्हटलं.

“म्हणून तर एकोणीस वर्षं सोडवेना. थकली तरी पंचाईत, भरपूर मिळाली तरी पंचाईत.”

वहिनींनी विषय बदलला. गल्लीच्या टोकाच्या औजारांच्या वर्कशॉपचा. नांगर, पेरणीयंत्रं, ट्रॉल्या बनवतात. त्यांच्यासाठी एक चांगला कायदा आला होता. छोट्या उद्योगाकडून माल घेतल्यावर, करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर पंधरा दिवसांत. नाही दिले तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये वजा करता येत नाही. जेव्हा देईल तेव्हाच. ‘४३ बी एच’ म्हणतात त्याला. २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू.

“पेढेच वाटले असते त्यांनी,” वहिनी म्हणाल्या. “पण मार्चमध्ये मोठं गिऱ्हाईक म्हणालं, तुझी छोट्या उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी रद्द कर, नाहीतर माल परत ने. आता सांगा.”

“काय केलं मग त्यांनी?”

“साहेबांनी सांगितलं, रद्द करू नका. एक गिऱ्हाईक गेलं. दोन राहिले, ते वेळेवर देतेत. विक्री कमी झाली, पण त्यांच्या दारात अजून बूट आहेत.”

मुनीमकाकांनी मान डोलावली. “विक्री बघायची नसतीच. येणं कितीचं अन् किती दिवसांचं ते बघायचं. नव्वद दिवसांच्या पुढचं येणं म्हणजे पाहुण्याला दिलेली छत्री.”

“बँक तर तेच बघते,” साहेब म्हणाले. “नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक.”

वाटी रिकामी करून ते पुन्हा स्कूटरकडं निघाले. ते जात असताना काकांनी खडा टाकलाच.

“आपल्या भाऊचं काय, साहेब? बोर्ड उतरवला म्हणे.”

साहेब नुसते हसले. बावीस वर्षांची सवय.

पण गल्लीला उत्तर मिळायचं ते मिळालंच. दोन दिवसांनी मी गांधी पार्ककडून येत होते तर भाऊचा बोर्ड दुकानापुढं आडवा पडलेला आणि पेंटर त्यावर वाकलेला. शटर अर्धं वर. आत भाऊ खाली बसून जुनी उधारीची वही लिहितोय. मला बघून उठला.

“या बाई. बोर्ड रंगवायलोय. ‘उधार बंद’ मोठ्या अक्षरात घालायलोय, नावापेक्षा मोठं.”

“गल्लीत तर वेगळंच चाललंय तुझ्याबद्दल.”

“माहीत आहे. दूधवाला मला बी सांगून गेला.” तो हसला. “खरं सांगू? साहेबांकडं गेलो होतो की यंदाचा साठा जरा वाढवून लिहा, बँक सीसी कापायलीय. साहेब नाही म्हणाले. दुसऱ्यांदा गेलो तर वही समोर ठेवली अन् म्हणाले, जे येणार नाही ते लाल शाईनं काढ. रात्री दीडपर्यंत काढलं. साडेअकरा लाखांचं येणं होतं, त्यातले चार लाख लाल झाले. झोप नाही आली. पण सकाळी बँकेत गेलो, खरं तेच सांगितलं. सीसी कापली नाही, मुदत वाढवून दिली. पुराचं कारण धरलं त्यांनी. गाडी विकली. दुकान आहे.”

“आणि साहेबांची फी?”

भाऊ वहीकडं बघायला लागला. “ती बी लिहिलीय. देण्याच्या बाजूला. लाल नाही, काळ्या शाईत.”

घरी आले, पाणी प्यायले आणि एकदम लक्षात आलं. गेली तीन वर्षं माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न साहेबच भरतात. पेन्शन, थोडं व्याज, फॉर्म सोळा. भिंतीवरून कागद द्यायचे, भिंतीवरून पोचपावती घ्यायची. पहिल्या वर्षी मी ‘किती द्यायचे?’ विचारलं, वहिनी ‘राहू द्या हो’ म्हणाल्या. पुढं मी विचारलंच नाही. पतसंस्थेच्या ऑडिटरवर मी भिंतीवरून तोंडसुख घेत होते, आणि आमच्या घरच्या ऑडिटरची उधारी तीन वर्षांची. वर मी स्वतःला ठेवीदार समजत होते.

मी पाकिटात पैसे घातले आणि भिंतीवर ठेवले. वहिनींनी ते तीनदा परत सरकवलं. चौथ्यांदा मी म्हणाले, “घेतले नाहीत तर कढीपत्ता बंद.” घेतले. संध्याकाळी चार शेंगा आणि साहेबांच्या सहीची पावती भिंतीवर आली. पावतीवर नंबर, तारीख, रक्कम सगळं. मी ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.

आता तुम्हाला दोन गोष्टी सांगते, शेजारीण म्हणून. कुठल्या संस्थेत पैसे ठेवायचे असतील तर बाहेरच्या फलकावरचं ‘अ’ बघू नका. आत जा, वार्षिक अहवाल मागा, थकीत कर्ज किती आणि किती दिवसांचं ते विचारा. देत नसतील तर मोदक खा आणि घरी या. आणि तुमच्या हिशेबनिसाची फी राहिली असेल तर दिवाळीच्या आत देऊन टाका. कापूस निघायची वाट बघू नका.